तीन मण्यांवरची शिट्टी

मनकर्णेची माळ संपायची आणि चुलीवरचं दूध वर यायचं, या दोन गोष्टींची रोज सकाळी गाठ पडायची. तिसगावातल्या त्यांच्या दोन खणांच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही. नवऱ्याच्या मनगटावर होतं. पण त्याचा सेकंदाचा काटा केव्हाच गळून पडला होता आणि उरलेले दोन काटे आपल्या मर्जीनं चालायचे. मनकर्णेला त्याची गरजही पडत नसे. पहाटे उठावं, अंगणात सडा घालावा, शेळीचं पावशेर दूध काढून चुलीवर ठेवावं आणि भिंतीला पाठ टेकून आईनं दिलेली रुद्राक्षाची माळ हातात घ्यावी. एकेका मण्याला एकेक 'ॐ नमः शिवाय'. घाई नाही, ओढाताण नाही. एकशेआठावा मणी सरून बोट मेरुमण्याला टेकलं की पातेल्याच्या कडेनं दूध थरथरायला लागायचं. ती शांतपणे उठायची आणि पदरानं पातेलं उतरवायची. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण महादेवानं तिचं दूध एकदाही उतू जाऊ दिलं नव्हतं.

तिच्या घरधन्याला सगळे जालिंदर मिस्त्री म्हणत. ती अर्थातच नाव घेत नसे. 'अहो' म्हटलं की त्यांनी मान वर करायची, हा रिवाज. पण गेली चार वर्षं नुसत्या 'अहो'नं मान वर होत नव्हती.

त्याची कथा अशी. मुळा धरणाचं काम चालू होतं तेव्हा मिस्त्री तिथे दहा-बारा वर्षं होते. मातीचे डोंगर ढकलणाऱ्या यंत्रांच्या पोटात हात घालून बसायचं, हे त्यांचं काम. मनकर्णा नवी नवरी म्हणून सासरच्या घरी न जाता थेट धरणावरच्या पत्र्याच्या खोलीत नांदायला गेली. रात्रंदिवस यंत्रांची घरघर. भाकरी थापताना परातीतलं पाणी हलायचं. पहिले काही दिवस तिला वाटे, आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीवर संसार मांडलाय. मग सवय झाली. सवयीचं काय, ती कुणाला चाहूल देऊन येत नाही.

यंत्रांच्या त्या घरघरीत एक बारीक शिट्टी मिसळलेली असायची. मिस्त्री जेवता जेवता घास थांबवून ती ऐकायचे. एकदा तिनं विचारलं, "ही शिट्टी कोन मारतंय वो?"

"टर्बो," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखा झाला. "हे बघ, इंजिन जो धूर भाईर टाकतंय, त्यो फुकटच जातो का न्हाई? त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा. त्यो इंजिनाला जादा हवा पाजतो. जादा हवा, जादा जाळ. जादा जाळ, जादा ताकद."

मनकर्णा जरा वेळ चुलीकडे बघत राहिली. "म्हंजी चूल आपल्याच धुरानं फुंकनी फुंकती."

मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला. "तीन वर्सं सायबांच्या मागं हिंडतोय," ते म्हणाले, "पन इतकं सोपं करून कुनी सांगितलं न्हाई बघ."

तेव्हापासून टर्बो ही तिलाही परकी वस्तू राहिली नाही.

धरण उठलं, यंत्रं गेली. मिस्त्रींनी तिसगावात सडकेच्या कडेला चार पत्रे उभे करून कारखाना टाकला. तिथे जीपगाड्या यायच्या, ट्रक यायचे, विहिरीवरची इंजिनं यायची. मिस्त्री एक लांब लाकडी दांडका इंजिनाला टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचे. लोक म्हणत, मिस्त्रीचा कान म्हणजे वैद्याची बोटं.

आणि एका सकाळी अंगणात दात घासता घासता मिस्त्री म्हणाले, "यंदा चिमन्या कुठं गेल्या गं?"

पत्र्यावर चिमण्यांचा नुसता बाजार भरला होता. मनकर्णेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं मुद्दाम बांगड्या वाजवल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मोठा आवाज, जाड आवाज त्यांना कळत होता. बारीक मात्र सगळं गेलं होतं. चिमणी, बांगडी, रातकिडा, सगळं. त्या यंत्रांनी एवढी वर्षं पोटाला घातलं आणि जाताना कानातलं बारीक तेवढं सोबत नेलं. शिट्टीही.

ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती, आणि कळूही द्यायची नव्हती. कान गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल? मनकर्णा त्यांच्याशी समोर उभी राहून, ओठ नीट हलवून बोलू लागली. मिस्त्री ओठ वाचायला शिकले. संसार चालू राहिला.

अशात एक्याऐंशी सालचा माघ आला, आणि शेवगावच्या आबासाहेबांची निळी गाडी कारखान्याच्या दारात उभी राहिली.

आबासाहेब म्हणजे बागायतदार माणूस, मनानं रसिक, आणि रस एकाच गोष्टीत. त्यांच्याकडे अमेरिकेची एक जुनी सहा सिलिंडरची गाडी होती. निळी, लांबलचक. मिस्त्रींनी चार वर्षांत तिचं इंजिन खोलून, घासून, पुन्हा जुळवून तिला पार नवा जन्म दिला होता. वर एक छोटा टर्बोही बसवला होता. दर माघात पुण्या-नाशिकचे दहा-बारा हौशी लोक करंजीच्या घाटात गाड्यांची शर्यत लावत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकेक गाडी, घड्याळ लावून. मागच्या साली तिसऱ्या वळणावर निळीचा टर्बो जाम झाला, काळा धूर ओकत गाडी थांबली, आणि पुण्याची मंडळी सडकेकडेच्या दगडांवर बसून हसली होती.

"मिस्त्री," आबासाहेब बाजेवर बसत म्हणाले, "जुना टर्बो आता जाऊ द्या. मोठा बसवायचा. दोन आणलेत मी. एक ते धरणावरच्या यंत्राचं धूड, लिलावात घेतलंय. दुसरा विहिरी पाडायच्या मशिनीचा, मुंबईच्या जुन्या बाजारातून. कोणता घालायचा ते तुमी ठरवा. पन एक सांगून ठेवतो. यंदा घाटात गाडीचा दम तुटला, तर मी ती पुण्याच्या कारखान्यात टाकनार. मंग तुमच्या कानाचं कवतिक लोकांनी करू नये."

शेवटचं वाक्य हसत म्हटलेलं होतं. पण आत उंबऱ्याशी बसलेल्या मनकर्णेनं ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. कानाचं कवतिक!

ते दोन टर्बो मिस्त्रींनी गोणपाटावर शेजारी शेजारी मांडले. गोगलगाईच्या शंखासारखे दिसायचे दोन्ही. एक कलिंगडाएवढा, दुसरा नारळाएवढा. त्यांची नावं थोरला आणि धाकटा पडली. मिस्त्री रात्री जेवताना तिला समजावत होते. थोरल्याचा पंखा जड. त्याला फिरायला उशीर, पण एकदा जागा झाला की गाडी अशी सुटेल की बसणाऱ्याची टोपी मागं राहील. धाकटा लवकर जागा होतो, पण वरच्या चढाला थोरल्याएवढं देणार नाही. आणि घाट म्हणजे काय? दर वळणाला गाडी मंदावणार, पंखा निजणार. वळण सुटलं की त्यानं पुन्हा जागं व्हायचं. मग मधल्या त्या निजेत किती वेळ जातो, हे मोजलं की निवाडा झाला. पाय दाबल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत. एवढंच.

"एवढंच," मिस्त्री पुन्हा म्हणाले आणि ताटात बोट फिरवत बसले. शिट्टी त्यांना ऐकू येणार नव्हती.

मनकर्णेनं समोर बसून, ओठ नीट हलवून विचारलं, "मी यिऊ का संगं?"

त्यांचं ताटातलं बोट थांबलं. "अगं, पन मोजनार कशानं?"

तिनं गळ्यातली माळ काढून त्यांच्यापुढे धरली.

घाटमाथ्यावर वडाखाली शेंदराचा एक मारुती आहे. गाडीची चाचणी घेण्याआधी मिस्त्री बायकोला घेऊन मारुतीला नारळ फोडायला जातात, असं गावाला सांगायचं ठरलं. शेजारची कडूबाई, जिच्या तोंडाला अख्ख्या गल्लीत जोड नव्हता, ती दारातच उभी होती. "मजा हाय बाई तुजी," ती म्हणाली. "आमचं येडं आमाला बैलगाडीतबी बसवीना, आन् तू निगाली आमेरिकेच्या गाडीतून मारुतीला. बघ हां, मारुती ब्रह्मचारी हाय. लई नटून जाऊ नकू."

थोरला बसवून पहिली चाचणी झाली ती धुक्यातल्या पहाटे.

करंजी गाव मागे पडलं आणि जगच पुसलं गेलं. घाट दिसेना, दरी दिसेना, गाडीच्या नाकापुढे दोन हात सडक, ती सुद्धा दुधात बुडवून काढल्यासारखी. मनकर्णा मिस्त्रींच्या मागच्या गादीवर बसली होती. तिला वाटलं, आपण महादेवाच्या अंगावरच्या भस्मातून चाललोय. वर कुठं तरी जटा असतील, खाली पाय असतील, आणि आपण मध्येच, एका निळ्या पाखराच्या पोटात. भीती नावाची वस्तू तिच्या मनात नव्हतीच. वळण सुटलं, मिस्त्री ओरडले, "आता!" आणि तिच्या बोटांतून मणी सरकू लागले. ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय. रोज भिंतीला टेकून बसते तशीच. पाचव्या मण्याला धुक्याच्या आतून, लांबच्या देवळात कुणी शंखात श्वास भरावा तसा आवाज आला. तो भरत गेला आणि गाडीनं तिला गादीत दाबून धरलं. तिनं मिस्त्रींच्या खांद्यावर थाप मारली.

चार वळणांवर चारदा मोजलं. चारही वेळा पाच.

मिस्त्रींनी कारखान्यात येऊन खडूनं पत्र्यावर लिहिलं : थोरला, पाच.

दोन दिवसांनी धाकटा बसवून दुसरी चाचणी. या वेळी उजेड होता. स्वच्छ, कोरडं, निळं ऊन. घाट पहिल्यांदाच नीट दिसला, आणि मनकर्णेनं दरी बघितली. सडकेच्या कडेला कठडा नव्हता, नुसते पांढरे दगड, आणि दगडांपलीकडे काहीच नाही. खाली फार खाली एक शेत होतं हातरुमालाएवढं आणि त्यात मुंगीएवढे बैल. वळणावर समोरून येष्टी आली. मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली तेव्हा एका चाकाखालची खडी दरीत घरंगळत गेली, आणि ती कुठं थांबली ते ऐकूच आलं नाही. "आता!" मिस्त्री ओरडले. तिनं माळ घट्ट धरली. ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय, शिवाय, शिवाय. शिट्टी वाजली. टिटवीसारखी पातळ, लांब, गोड. मणी होता सातवा.

चारदा मोजलं. सात, सात, सहा, सात.

"सात?" मिस्त्रींनी माथ्यावर गाडी उभी करून विचारलं. "नीट मोजलं का?"

"महादेवाची आन."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "माज्या पाठीला वाटलं, ह्यो लवकर वढतोय. थोरल्यापरीस लवकर." आणि थोडं हसले. "पन कान गेलेल्या मान्सानं पाठीचं काय ऐकायचं? आता पाठबी खोटं बोलाया लागली आसंल."

तिनं मारुतीला नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवताना त्यांचा तळहात तिला फार हलका लागला, कुणी आतलं काही काढून नेल्यासारखा.

पत्र्यावर दुसरी ओळ आली : धाकटा, सात. निवाडा झाला. थोरला पुन्हा चढला. आबासाहेबांना तर धूड आधीपासूनच आवडलं होतं. शुक्रवारी दुपारी येऊन ते गाडी घेऊन जाणार होते. रविवारी शर्यत.

शुक्रवारी पहाटे मनकर्णा नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली. चुलीवर दूध, हातात माळ. पण मन रविवारच्या घाटात. पुण्याचे लोक दगडांवर बसलेत, निळी गाडी काळा धूर ओकतेय, कुणी तरी म्हणतंय, मिस्त्रीला ऐकू येत नाही, तुम्हाला ठाऊक नव्हतं? तिच्या डोळ्यांपुढे मिस्त्री सडकेत उभे होते आणि सगळे हसत होते आणि त्यांनाच तेवढं हसू ऐकू येत नव्हतं. ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय.

कडूबाई विस्तव मागायला गोवरीचा तुकडा घेऊन आली होती. ती दाराला टेकून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "का गं मनकर्णे, आज महादेवाला कुठली येष्टी गाठायचीय?"

मनकर्णेनं डोळे उघडले. बोट मेरुमण्यावर होतं. माळ संपली होती.

आणि दूध अजून थरथरलंही नव्हतं.

तिनं पातेल्यात बोट बुडवून पाहिलं. कोमट. जाळ रोजचाच होता. लाकडं रोजचीच. दूध रोजचंच पावशेर. फक्त माळ पुढे पळून आली होती, दुधाला वाटेत टाकून.

"काय झालं गं? तोंड का पांढरं पडलं?" कडूबाई म्हणाली.

"काय न्हाई. विस्तू घे आन् जा."

कडूबाई गेली. मनकर्णा मात्र उठली नाही. तिच्यापुढे दरी उघडली होती, पांढऱ्या दगडांपलीकडची. शिवाय, शिवाय, शिवाय. त्या दिवशी तिनं देवाचं नाव घेतलं नव्हतं, देवाच्या नावाला धरून पळाली होती. धुक्यात एकेक मणी एकेका श्वासाचा होता. उन्हात एका श्वासात दोन-दोन, तीन-तीन मणी गेले होते. सातव्या मण्याला वाजलेली शिट्टी खरं तर कितव्याला वाजली असती? आणि तिनं महादेवाची आण घेतली होती! बावीस वर्षांची माळ, तिच्यावर नवऱ्यानं स्वतःच्या पाठीहून जास्त भरवसा ठेवला, आणि ती माळ घाबरट निघाली.

दूध त्या सकाळी उतू गेलं. ती तिथेच बसलेली असताना.

सांगायला हवं होतं. पण पहाटेच कारखान्यात माणसं आली होती. एक ट्रकवाला, त्याचे दोन मजूर. दुपारपर्यंत मिस्त्री एकटे सापडेनात. ती तांब्या-फुलपात्र घेऊन गेली तेव्हा आबासाहेब येऊन बाजेवर बसलेले. मिस्त्री गाडीच्या नाकाशी वाकून शेवटचे नट आवळत होते. थोरला इंजिनाच्या कुशीत चमकत होता.

कुजबुजून सांगावं, तर त्यांना ऐकू येणार नाही. ओठांनी सांगावं, तर आबासाहेबांपुढे पदर तोंडावरून ओढलेला. मोठ्यानं सांगावं, तर चार वर्षं झाकलेलं सगळं त्या एका वाक्यात उघडं. बाईमाणूस शिट्टी कशाला मोजत होती, असं कुणीही विचारलं असतं.

तिनं आबासाहेबांना पाणी दिलं. मग गाडीच्या पलीकडे, मिस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिली, आबासाहेबांकडे पाठ करून. गळ्यातली माळ काढली आणि बॉनेटच्या कडेवर हात ठेवून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

आधी बोटं भरभर फिरवली. शेंगा सोलतात तशी. सात मणी, आणि थांबली.

मिस्त्री बघत होते.

मग तिनं श्वास घेतला. एक मणी. श्वास सोडला, घेतला. दुसरा मणी. तिसरा. आणि बोट तिथेच ठेवलं. मग पदराआडून एक थेंब बॉनेटच्या निळ्या पत्र्यावर पडला.

मिस्त्रींनी तो थेंब अंगठ्यानं पुसला. पाना खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, दोन दिवसांची मेहनत फुकट गेली होती. पण त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन आपली पाठ हळूच दाबली, आणि कुठल्या तरी जुन्या ओळखीच्या माणसाला बघून हसावं तसे हसले.

"आबासाहेब," ते वळून म्हणाले, "गाडी आज न्हाई मिळायची."

"म्हंजी? आवो परवा शर्यत हाय!"

"टर्बो बदलायचाय. धाकटा घालतो."

"मिस्त्री, डोकं फिरलं का काय तुमचं? कालच म्हनला, थोरला पाचावर जागा होतो, धाकटा सातावर. हे पत्र्यावर लिव्हलंय की!"

"लिव्हनाराची चूक. हिशेब घाईत झाल्ता." मिस्त्रींनी ओल्या फडक्यानं पत्र्यावरची दुसरी ओळ पुसून टाकली. "उद्या सकाळी घाटात या. सोता गाडीत बसा. न्हाई पटलं तर तितंच माथ्यावर चावी घ्या आन् पुन्याला पाटवा."

आबासाहेब रागानं गेले. जाताना टोपी विसरून गेले.

मिस्त्री संध्याकाळपर्यंत राबले. दिवेलागणीला मनकर्णा त्यांच्यापुढे भाकरी घेऊन बसली आणि ओठ हलवून म्हणाली, "चुकलं माजं. देवाची आन घेतली हुती."

"तू खोटं कुठं बोलली?" ते म्हणाले. "मनी सातच हुते. दरी खोल हुती, त्याला तू काय करशील?" आणि भाकरी मोडता मोडता, "उद्या डोळे मीट. मी हाय की सडक बघाया."

शनिवारी सकाळी पुन्हा उजेड होता, पुन्हा तीच दरी. पुढे आबासाहेब, मांडीवर हात घट्ट. मागे मनकर्णा. करंजी सुटल्याबरोबर तिनं डोळे मिटले, आणि पहिल्या वळणाच्या आत घरची भिंत तिच्या पाठीला येऊन टेकली. समोर चूल होती. चुलीवर दूध. गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, कुणी तरी पाळणा हलवावा तशी. दरी होती, पण ती डोळ्यांपलीकडे होती, आणि सडक बघायला माणूस होता. त्या माणसाला चिमणी ऐकू येत नव्हती, पण सडकेचा प्रत्येक खडा त्याच्या हाताला ठाऊक होता. आपण इतकी वर्षं महादेवावर सगळं टाकलं, आणि जो पुढं बसून चाक धरतो त्याच्यावर टाकायचं राहूनच गेलं की काय, असं तिला त्या क्षणी वाटलं. आणि ते वाटणंही धुक्यासारखं येऊन गेलं.

"आता!"

ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय.

टिटवी बोलली. तिसऱ्याच मण्याला. मनकर्णेनं खांद्यावर थाप मारायला हात उचलला, तर मिस्त्री आधीच मान हलवत होते.

"तीन?" त्यांनी न वळता विचारलं.

आबासाहेब बिचारे चक्रावले. "कोनाला इचारताय? आन् तीन कुनी मोजले?"

मिस्त्रींनी चाक वळवलं. पुढच्या वळणालाही तीन. त्याच्या पुढच्यालाही तीन. माथ्यावर गाडी थांबली तेव्हा आबासाहेबांचा राग वाटेतच कुठं तरी सांडला होता. त्यांनी मागे वळून बघितलं. वहिनी डोळे मिटून, माळ हातात धरून बसलेल्या.

"वहिनी सारा घाट जप करत हुत्या व्हय?"

"व्हय," पदराआडून मनकर्णा म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

"मंग बराबर हाय," आबासाहेब खाली उतरून मारुतीपुढे हात जोडत म्हणाले. "म्हनूनच चढली."

रविवारी घाटात जत्रा भरली होती. टोप्या, पागोटी, पुण्याच्या लोकांचे काळे चष्मे. कडूबाईसुद्धा आली होती, डोक्यावर शेंगांची पाटी घेऊन. मिस्त्री आणि मनकर्णा शेवटून दुसऱ्या वळणाशी एका दगडावर उभे होते. मागच्या साली मिस्त्री इथे नव्हते, खाली काळ्या धुरात होते. एकेक गाडी वर येत होती. वळणावर प्रत्येकीचा दम जरा तुटायचा, मग पुन्हा धरायचा. लोक घड्याळं बघत होते.

मग खालून निळीची घरघर आली; चाक आबासाहेबांच्या हाती होतं. गाडी दिसत नव्हती, डोंगराच्या पोटाआड होती. मनकर्णेनं माळ धरली आणि दुसरा हात मिस्त्रींच्या दंडावर ठेवला. वळणाला घरघर मंदावली. तिनं डोळे मिटले. घाई करायची नाही. एक. माणसं बोलायची थांबली. दोन. कडूबाईच्या पाटीतली एक शेंग खाली पडली, तिचाही आवाज आला.

तीन. शिट्टी घाटभर झाली, लांब, पातळ, आणि निळी गाडी डोंगराआडून अशी निघाली की वाटलं, तिला कुणी वरून दोरानं ओढतंय. मनकर्णेनं दंडावर बोटं दाबण्याआधीच मिस्त्रींनी टाच दगडावर दोनदा आपटली होती. त्यांना ती तळपायातून कळली होती, दगडातून.

दोघं माथ्यावर पोचली तेव्हा निकाल लागला होता. पहिला नंबर नाशिकच्या गाडीचा आला, निळीचा दुसरा. सरळ चढाला नाशिकवाल्याची ताकद जास्त होती. पण सगळ्या वळणांवर निळीसारखी दुसरी धावली नाही, हे काळ्या चष्म्यांनीही मान्य केलं. त्यांच्यातला एक जण तर वाकून टर्बोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हा कोणी निवडला?"

आबासाहेब गर्दीतून वाट काढत आले. घामानं डबडबलेले, टोपी तिरकी. आनंदानं त्यांचा गळा बसला होता, आवाज पार बारीक झाला होता. त्यांनी गाडीची चावी मिस्त्रींच्या हातात दाबली आणि चार लोकांच्या देखत त्या बसल्या गळ्यानं काही तरी बोलले. लोकांनी माना डोलावल्या. कुणी तरी "खरंय" म्हणालं.

मिस्त्री सगळ्यांकडे बघून हसले. मग मनकर्णेकडे वळून हळूच म्हणाले, "काय म्हनले गं?"

मनकर्णेनं पदर जरा मागे सारला आणि ओठ नीट हलवून, अगदी सावकाश, एकेक मणी सोडावा तसं सांगितलं.

"म्हनले, मिस्त्रीचा कान लई तयार."

जालिंदर मिस्त्री क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. आणि मग इतक्या मोठ्यानं हसले की मारुतीच्या वडावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या, आणि त्या उडाल्याचं त्यांना दिसलं.